विहीणबाई जेवेनात

सिचोनच्या किनाऱ्यावर कुठं जावं आणि काय खावं, हे विरोतला विचारावं, असं सगळं गाव सांगायचं. पर्यटकांची व्हॅन चालवता चालवता त्याचे केस पिकले होते, पण त्याच्या गाडीतून उतरलेलं माणूस उपाशी परत गेलं, असं कधी झालं नव्हतं. बँकॉकहून येणाऱ्या नाजूक पोटाच्या बायका, मिरची बघूनच घाम फुटणारे गोरे, काटा लागेल म्हणून मासा न खाणारी पोरं, प्रत्येकासाठी त्याच्याकडं एक ठिकाण असायचं. खेकडा कुणाकडचा भरलेला असतो, कालवं कुणाकडं सकाळीच संपतात, कुणाच्या कढईतलं तेल कालचं असतं आणि कोणती बाई नवऱ्याशी भांडली की रश्श्यात मीठ जास्त टाकते, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

म्हणून लेकीच्या होणाऱ्या सासूबाई येणार असं ठरलं, तेव्हा विरोतनं कशाचीच काळजी केली नाही. लेक रेवदी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघायची. तिथलीच यंत्रं दुरुस्त करणारा अनुवत तिला आवडला होता. पोरगा सरळ होता, हसरा होता. फक्त होता पार ईसानचा, म्हणजे देशाच्या त्या दुसऱ्या टोकाचा, जिथं समुद्र नाही, सगळा भात आणि धुरळा. त्याचे वडील नव्हते. आई बुनलाय आणि मामा खामसॅन मागणी घालायला येणार होते.

आदल्या दिवशी विरोतची बायको नुआन मागच्या अंगणात बांबूचे कोवळे कोंब सोलत बसली होती.

"अहो, उद्या दुपारी तायप्ला करते," ती म्हणाली. "भोपळा आहे, शेंगा आहेत, भाजलेला मासाही आहे."

विरोत दचकलाच. तायप्ला म्हणजे माशांची आतडी मिठात मुरवून केलेलं कालवण. दक्षिणेतल्या माणसाचा जीव त्यात अडकलेला. आणि बाहेरचा माणूस वासानंच उंबऱ्याबाहेर.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पहिल्यांदा येतायत ते! सोयरीक मोडायचीय का?"

"मग काय खाऊ घालू?"

"तू काहीच करू नकोस. मी आहे ना! किनाऱ्यावरची चांगलीचांगली ठिकाणं दाखवतो त्यांना. तू आपली मस्त नटून बस."

नुआननं पातेलं असं आपटलं की मांजर भिंतीवर चढली.

पाहुणे सकाळी बसमधून उतरले, तेव्हा विरोत, रेवदी आणि अनुवत गाडी घेऊन उभे होते. बुनलायबाई काटक, सावळ्या, जाड रेशमी लुंगी नेसलेल्या, खांद्यावर चौकड्याचं उपरणं. खामसॅनमामा त्यांचा धाकटा भाऊ; पण बहिणीच्या वाटचंही अंग त्यालाच मिळालं असावं, असा गोल. विरोतनं दोन्ही हात जोडले आणि आपल्याकडं माणूस दिसल्यावर जे विचारतात तेच विचारलं, "जेवलात का?"

"जेवले, जेवले," बुनलायबाई खाली बघत म्हणाल्या.

"मी नाही जेवलो," मामा म्हणाला.

विरोतला हसू आलं. त्यानं गाडी थेट बाजारातल्या चिनी न्याहारीच्या दुकानासमोर उभी केली. वाफाळलेल्या बांबूच्या टोपल्या टेबलावर आल्या: कोळंबीचे मोदकासारखे गोळे, डुकराच्या मांसाचे पाव, तळलेल्या लांबट पुऱ्या, काळी कॉफी. विरोतनं एक टोपली बुनलायबाईंपुढं सरकवली आणि कोपर टेबलावर टेकून तो त्यांच्याकडं बघत बसला. आपण नेलेल्या ठिकाणी पाहुण्यानं पहिला घास घेतला की त्याचा चेहरा कसा खुलतो, हे बघणं हा त्याचा जन्माचा शौक.

बुनलायबाईंनी पावाचा एक कोपरा तोडला, तोंडात घातला आणि उरलेला खाली ठेवला. "छान आहे. पोट भरलं."

"अहो, भरलं कसं? हे बघा, कोळंबीचं. आत्ता उतरवलंय."

"छान आहे," त्या पुन्हा म्हणाल्या आणि त्यांनी टोपली भावाकडं ढकलली. मामानं ती एका दमात रिकामी केली आणि पुढचीकडं हात लांबवला.

ठीक आहे, विरोतनं मनाशी म्हटलं. चिनी चव रुचली नसेल. ईसानची माणसं, त्यांना पाला, कोंब, तिखट रस्सा हवा. मग त्यानं सगळ्यांना देवळाच्या पायथ्याशी नेलं. तिथं एक म्हातारी तांदळाच्या शेवयांवर माशाचा पिवळा रस्सा घालून द्यायची, आणि टेबलावर काजूची कोवळी पानं, काकड्या, फरसबी, मोड आलेली कडधान्यं असा कच्च्या भाजीचा डोंगर रचलेला असायचा. वाटेल तेवढा घ्या. बुनलायबाईंनी काजूचं एक पान उचललं, त्याची घडी केली आणि तोंडात टाकली.

विरोतनं शेजारी बसलेल्या अनुवतला कोपरानं ढोसलं. "खाल्लं!"

सगळ्यांच्या माना वळल्या. रेवदीची वळली, अनुवतची वळली, रस्सा वाढणारी म्हातारीसुद्धा पळी हातात धरून बघत राहिली. बुनलायबाईंनी पान कसंबसं गिळलं आणि पाण्याचा पेला उचलला. "छान आहे," त्या म्हणाल्या. शेवया तशाच राहिल्या. म्हणजे राहिल्या नाहीत, मामानं संपवल्या.

"आई अशीच आहे का रे? कमी जेवणारी?" गाडीकडं जाताना विरोतनं हळूच विचारलं.

"छे हो काका," अनुवत पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला. "घरी दोन माणसांचं जेवते."

तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी पर्यटक विचारत होता, दुपारी कुठं जेवू? विरोतनं सवयीनं सांगायला सुरुवात केली, "सुरूच्या झाडांखालून सरळ जा, निळ्या बोटीच्या पुढं..." आणि मध्येच तो थांबला. सगळ्या जगाला जेवायला लावणारा आपण, आणि घरची पाहुणी उपाशी!

"बाबा," मागच्या सीटवरून पुढं वाकून रेवदी कुजबुजली, "मी पसंत नाहीये त्यांना. ज्या घरची मुलगी करायची नाही, तिथलं खातं का कुणी?"

"गप गं! काहीतरीच." पण त्याच्याही मनात तेच आलं होतं.

दुपारी त्यानं हुकमी पान टाकलं. सुरूच्या बनात, पाण्याला लागून असलेलं ते खानावळवजा हॉटेल म्हणजे त्याच्या यादीतलं शेवटचं ठिकाण. तिथून नाखूश होऊन कुणी उठलेलं त्याला आठवत नव्हतं. नुआन जेवायला आली नाही. "डोकं दुखतंय," असा तिनं निरोप पाठवला, आणि ते दुखणं कशाचं आहे हे विरोतला चांगलंच ठाऊक होतं. मालकानं सर्वांत मोठे खेकडे बाजूला काढून ठेवले होते. बर्फावर कालवं आली, उग्र वासाच्या हिरव्या दाण्यांत परतलेली कोळंबी आली, डोळ्यांत पाणी आणणारा आंबटतिखट पिवळा रस्सा आला. वारा छान सुटला होता. लाटा अगदी पायऱ्यांपर्यंत येऊन परत जात होत्या. बुनलायबाईंच्या पुढ्यात अख्खा खेकडा, नांग्या पसरून, लालबुंद. सोबत नांग्या फोडायची हातोडी.

बुनलायबाईंनी खेकड्याकडं पाहिलं. खेकडा त्यांच्याकडं बघतच होता.

"ही नांगी घ्या," विरोत म्हणाला. "नाही, ही नको, ती. तिच्यात मांस जास्त. आधी इथं ठोका. हां, इथं. मग तो हिरवा ठेचा लावा. मग बघा!"

मालक कमरेवर हात ठेवून उभा होता. वाढणाऱ्या दोन्ही पोरी उभ्या होत्या. अनुवत नखं खात होता. बुनलायबाईंनी हातोडी उचलली, फिरवून पाहिली आणि खाली ठेवली. मग त्यांनी सर्वांत बारीक पाय उचलला, तोही ठेवला.

"मला जरा आडवं व्हायचंय," त्या म्हणाल्या. "प्रवास झालाय फार."

रेवदीचे डोळे भरून आले. विरोत उठला. त्यानं बुनलायबाईंना आणि रेवदीला घराच्या फाटकाशी सोडलं, आणि अनुवतला अन् मामाला घेऊन तो पुन्हा बाहेर पडला. अजून त्यानं हार मानली नव्हती. गोड! म्हाताऱ्या माणसांना गोड आवडतं. मशिदीजवळच्या गाड्यावर हसनभाई तव्यावर पातळ रोटी थापून, केळं घालून, वर आटवलेलं दूध ओतून द्यायचा. तिथून पुढं नारळाच्या दुधातलं पुडिंग विकणारी बाई. तिथून पुढं बांबूच्या नळीत भाजलेला गोड भात. विरोतनं सगळं बांधून घेतलं. मामानं प्रत्येक गोष्ट आधी चाखून पाहिली, खात्री करायला म्हणून.

"मामा, खरं सांगा," परतताना विरोतनं विचारलंच. "ताईंना आमचं घराणं आवडलं नाही का?"

मामाच्या तोंडात रोटी होती. "घराणं?" तो चावत म्हणाला. "घराणं पाहिलंय कुठं तिनं अजून? सकाळपासून दुकानंच बघतोय आम्ही. म्हणजे माझी काही तक्रार नाही हां."

विरोतला ते लागलं, पण नीट समजलं नाही. गाडी गल्लीत वळली आणि आधी त्याच्या नाकाला कळलं. तायप्ला! सगळी गल्ली घमघमत होती. नुआननं शेवटी सूड घेतला! आता बाई पिशव्या उचलून रस्त्यावर उभ्या असतील.

तो पिशव्यांसकट मागच्या दारानं धावत स्वयंपाकघरात शिरला आणि चौकटीतच थबकला.

नुआन आणि बुनलायबाई जमिनीवर चटई टाकून समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचे केस सुटलेले, कपाळावरून घाम ओघळतोय, नाकं लाल, डोळ्यांतून पाणी. मध्ये कालवणाचं पातेलं, निम्म्याहून रिकामं. बुनलायबाई बांबूच्या टोपलीतून चिकट भाताचा गोळा काढत होत्या, बोटांनी दाबून पातेल्यात बुडवत होत्या आणि बचकभर पाल्याबरोबर तोंडात कोंबत होत्या. मध्येच "हाऽऽ" करून जीभ बाहेर काढायच्या, आणि दोघी खिदळायच्या.

"अगंऽऽ मेले मी!" बुनलायबाई म्हणत होत्या. "वाढ आणखी! मासा नको, तो बांबू दे."

"आणि हे घाला त्यात, ताई. थोडं तुमचं." नुआननं शेजारच्या बरणीत चमचा बुडवला. बरणीचं झाकण उघडं होतं. त्यातून येणारा वास तायप्लाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

अनुवत मागून आला आणि किंचाळलाच. "आई! मुरवलेले मासे आणलेस? मी सांगितलं होतं ना आणू नकोस म्हणून! समुद्राकाठची माणसं नावं ठेवतील म्हणून!"

"आणले," बुनलायबाई म्हणाल्या. "माझ्या हातचे आहेत. चोरी नाही केली."

"आणि तू..." विरोत बायकोकडं वळला.

"मी काय?" नुआन ताठ मानेनं म्हणाली. "माझ्या घरात मला भूक लागली, मी माझ्यापुरतं केलं. ताई आतल्या खोलीत पडल्या होत्या. वास आला तशा उठून आल्या. म्हणाल्या, काय गं हे? मी म्हटलं, आतडी आहेत माशाची, मुरवलेली, तुम्हाला नाही चालायची. तर म्हणतात कशा, 'बाई गं, जन्म गेला माझा असल्यात!' आणि बसल्या की मांडी घालून."

विरोतनं पिशव्या खाली ठेवल्या. तो उंबऱ्यावरच बसला. "पण ताई, मग सकाळपासून... एवढी चांगली ठिकाणं... तुम्हाला काहीच का आवडलं नाही?"

बुनलायबाईंनी उपरण्यानं नाक पुसलं. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "आवडायला काय झालंय? वासानं तोंडाला पाणी सुटत होतं माझ्या. त्या म्हातारीच्या शेवयांसाठी तर जीव तळमळला. पण विहीण म्हणून आलेय मी. घास उचलला की तुम्ही माझ्या तोंडाकडं बघताय. तुम्ही बघताय, पोरगी बघतेय, माझा पोरगा बघतोय, दुकानदार बघतोय, वाढणाऱ्या पोरी बघतायत. एवढ्या डोळ्यांसमोर घास उतरतो होय? आणि तो खेकडा! तो कुठून धरायचा, कुठून फोडायचा, मला बाईला काय माहीत? भातखाचरात बोटाएवढे खेकडे असतात आमच्याकडं, कवचासकट कुटून टाकायचे. म्हटलं, चुकीचा ठोका मारला, नांगी उडून व्याह्यांच्या डोळ्यात गेली, तर लग्नच मोडायचं."

मग नुआनच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. ती हसू दाबत होती. मग चुलीपाशी उभी असलेली रेवदी फुटली, मग मामा, आणि मग विरोतही इतका हसला की त्याला ठसका लागला. हसता हसताच त्यानं कानाची पाळी धरली. "चुकलं माझं, ताई. मला वाटलं, मी पाहुणचार करतोय."

"करतच होतात," बुनलायबाई म्हणाल्या. "जरा जास्तच."

रेवदीला आता दम निघेना. ती शेजारच्या घरी पळत गेली आणि दोन कच्च्या पपया घेऊन आली. "आत्या, मला तुमची ती पपईची कोशिंबीर कुटून दाखवा ना. तुमच्या मुरवलेल्या माशाची."

बुनलायबाईंनी नुआनचा दगडी खल बघून नाक मुरडलं. "ह्यात कुटतात होय पपई? चटणी होईल तिची! आमच्याकडं मातीचा असतो. असू दे, हलक्या हातानं कुट. मिरच्या किती घालणार?"

"ते तुमच्या मुलावर आहे," रेवदी म्हणाली. "त्याला किती झेपतात?"

"त्याला? दोन. बापावर गेलाय."

"मग मी माझ्या हिशेबानं घालते," असं म्हणून रेवदीनं मूठभर मिरच्या खलात टाकल्या. "शिकेल हळूहळू."

"आई!" अनुवत ओरडला.

बुनलायबाई त्या मुठीकडं बघत राहिल्या, आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "नुआन, पोरगी माझी. मोडायचं असेल तर आत्ता सांग, नाहीतर मी काही हिला सोडत नाही."

"घेऊन जा बाई," नुआन म्हणाली. "खर्च वाचेल मिरच्यांचा."

रेवदीचे कान लाल झाले. ती मान खाली घालून कुटत राहिली, पण खलातल्या पपईला त्यानंतर काही ताल राहिला नाही.

पहिलं ताट विरोतपुढं आलं. दक्षिणेतल्या माणसाला तिखटाचं कौतुक काय, अशा तोऱ्यात त्यानं मोठा घास घेतला. पहिल्यांदा आंबट लागलं. मग खारट. मग बरणीतल्या माशाचा तो खोल, जुना, चिखलपाण्यासारखा वास नाकातून वर चढला, आणि त्याच्या मागोमाग मिरच्या आल्या. विरोतचा चेहरा आधी जांभळा झाला, मग त्याचा श्वास अडकला. त्यानं वर पाहिलं, तर सगळं घर त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"बघू नका रे," नुआन म्हणाली. "घास उतरायचा नाही त्यांना."

"छान आहे," विरोत कसाबसा म्हणाला. "पोट भरलं."

बुनलायबाई हसून हसून चटईवर आडव्याच झाल्या.

त्या संध्याकाळी कुणी कुठं बाहेर गेलं नाही. गोड रोट्या, पुडिंग, बांबूतला भात, सगळं चटईवर उघडलं गेलं आणि तिखटावर उतारा म्हणून संपलं. लग्न पुढल्या वर्षी सहाव्या महिन्यात, समुद्र शांत असताना करायचं ठरलं. जेवण कुणाच्या पद्धतीचं, यावरून मात्र दोन विहिणींची पहिली झकाझकी झाली. बुनलायबाईंचं म्हणणं, चिकट भात आणि भाजलेली कोंबडी नसेल तर आमच्या गावची माणसं जेवली असं समजणारच नाहीत. नुआनचं म्हणणं, लग्न आमच्या दारात, तर चूल आमची. अखेर दोन चुली मांडायच्या ठरल्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि कुणाकडं गर्दी जास्त ते त्या दिवशीच बघायचं.

पाहुणे आणखी दोन दिवस राहिले. बुनलायबाई आणि नुआन पहाटे बंदरावर जायच्या, बोटीवरून उतरणारी टोपली न टोपली उलटीपालटी करून बघायच्या, कोळ्यांशी घासाघीस करायच्या. खेकडा कसा फोडायचा हे नुआननं त्यांना अंगणात शिकवलं, दगडानं, कुणी बघत नसताना. एक नांगी खरोखरच उडाली आणि मांजरीला मिळाली.

तिसऱ्या दिवशी सगळे बस पकडायला आले. बुनलायबाईंच्या पिशव्या येताना होत्या त्याहून जड झाल्या होत्या: सुकवलेला मासा, कोळंबीचं खारं, नुआनच्या तायप्लाची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळलेली. बसचा वाहक नाक उडवत म्हणाला, "मावशी, यात काय मेलंय?"

"तुझी भूक," बुनलायबाई म्हणाल्या आणि चढल्या.

मामा मात्र खालीच उभा होता.

"चढ की रे," त्यांनी खिडकीतून हाक मारली.

"ताई, तू जा पुढं," खामसॅन म्हणाला. त्याच्या हातात पिशवीच नव्हती. "मी म्हणतो, लग्नाची तयारी करायला कुणीतरी आपल्याकडचं इथं नको का? आणि त्या सुरूच्या बनात भाजलेली कोंबडी विकणारं कुणीच नाहीये. मी सगळा किनारा पाहिला. विरोतभाऊंनाही विचारलं."

"किनारा पाहिला नाहीस, खाल्लास!" बुनलायबाई ओरडल्या. "तीन पोती भात पेरायचाय घरी! कोण पेरणार?"

"अनुवतच्या दोघी मावश्या आहेत की."

बस हलली. बुनलायबाई खिडकीतून बाहेर वाकून भावाला शिव्या घालत राहिल्या, ईसानच्या बोलीत, एकाहून एक सरस. त्यातल्या निम्म्या विरोतला कळल्या नाहीत, पण त्यांचा आवाज ठणठणीत होता आणि गालावर खळी पडली होती. नुआन बसच्या बरोबरीनं चार पावलं धावली आणि हात हलवत थांबली.

"कोंबडी कशात मुरवता हो तुम्ही?" विरोतनं मामाच्या खांद्यावर हात टाकत विचारलं.

"लसूण, मिरं, कोथिंबिरीची मुळं," मामा म्हणाला. "चला, आधी कोंबडी बघू. मग सांगतो."

दोघं व्हॅनकडं निघाले. लग्नाला अजून बराच अवकाश होता, पण पावसाळा सरायच्या आत सुरूच्या बनात मामाची शेगडी पेटली, आणि वारा समुद्राकडून वाहू लागला की तिचा धूर थेट बाजारापर्यंत जायचा.